दोन दातांमधली फट

३ फेब्रुवारी, सोमवार

आई आज मावशीकडे गेली. "चार दिवस राहून येते," म्हणाली, पण बरोबर उशी नेली. चार दिवसांसाठी उशी घेऊन कोण जातं? विचारलं तर म्हणे, "तिच्याकडच्या उशा दगडासारख्या आहेत." मी मावशीच्या उशांवर झोपले आहे. चांगल्या मऊ आहेत.

म्हणून ही वही उघडली. टूथपेस्टच्या कंपनीने दवाखान्यात फुकट वाटलेली, प्रत्येक पानाखाली 'हसत राहा' असं छापलेलं. कुणाशी तरी बोलायला हवं, आणि बाबांशी बोलणं म्हणजे हल्ली भिंतीशी बोलणं झालंय.

नेमकं काय बिघडलंय ते मला कळत नाही. गेल्या वर्षभरात आईची नजर उतरत गेली. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. त्याच वर्षात बाबांच्या हिरड्यांनी मान टाकली आणि वरचे सगळे दात काढावे लागले. दोघांनी ठरवून एकेक वस्तू परत केल्यासारखं. आईच्या डोळ्यांपुढे कुणाचाच इलाज चालला नाही, पण दातांच्या बाबतीत बाबा नशीबवान. त्यांची मुलगीच कवळ्या करते. डॉक्टरीणबाई पुढच्या खोलीत दात काढतात आणि मागच्या खोलीत, मेणाच्या आणि प्लास्टरच्या पसाऱ्यात, मी ते नव्याने बसवते. बाबांची वरची कवळी हे माझं आजवरचं सर्वांत देखणं काम. त्यांचे मूळचे दात म्हणजे बाजारातली गर्दी होती. एक पुढे, एक तिरका, आणि समोरच्या दोन दातांमध्ये काडेपेटीची काडी जाईल एवढी फट. मी सगळे सरळ केले, फट बुजवली, रंग असा साधला की कुणी म्हणणार नाही नकली आहेत. त्यांचा हसरा फोटो बाईंनी दवाखान्यात लावलाय आणि पेशंट त्याकडे बोट दाखवून म्हणतात, "असे करा."

आणि हेच बाबा आता हसत नाहीत. घरात दिवसभर एकच संवाद. आई विचारते, "अहो, कुठे आहात?" बाबा म्हणतात, "इथे." आई म्हणते, "इथे म्हणजे कुठे?" मग बाबा गप्प, आई चिडलेली, आणि शेवटी कशावरून तरी वाद. पाणी फार गरम, चादर फार गार.

एक मात्र बरं झालंय. घर शांत आहे. पूर्वी बाबांची शीळ अखंड चालायची, जिन्यात, न्हाणीघरात, पेपर वाचताना. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. एकजण वर, एकजण खाली, मधे लिफ्टची अंधारी विहीर, त्यामुळे सगळं बोलणं शिळेवर. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. माझं डोकं उठायचं. आता वयाबरोबर तेही गंभीर झालेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज चोरी पकडली. बाबा स्वयंपाकघरात पाठमोरे उभे राहून चहात पाव बुडवून खात होते आणि कवळी साखरेच्या डब्यामागे. मला बघून घाईघाईने तोंडात कोंबली, तीही आधी उलटी. "छान बसते गं," म्हणाले. चणे आहेत तर दात नाहीत असं लोक म्हणतात. आमच्याकडे दात आहेत आणि ते साखरेच्या डब्यामागे आहेत. मला वाईट वाटलं. खूपच वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आईला भेटायला गेले होते. मावशीने दारातच बाजूला घेतलं. "खालची खोली रिकामीच आहे गं. जिने चढायला नकोत, घरात सतत कुणीतरी बोलत असतं. तिला इथेच राहू दे कायमची. काय ते महिनाअखेर सांगते म्हणाली आहे तुझी आई."

कायमची हा शब्द मावशीने इतक्या सहज उच्चारला, जणू एखादी खुर्ची इकडून तिकडे न्यायची आहे. मी आईला म्हटलं, "चल, सिनेमाला जाऊ." का म्हटलं ते मलाच माहीत नाही. माणूस घाबरला की काहीतरी करून बसतो.

मावशीच्या घराजवळ एक जुनं लहानसं थिएटर आहे. तिथे कुणाचंच नाव ऐकलेलं नाही असा एक सिनेमा लागला होता. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाला आईने विचारलं, "गाणी आहेत का?"

"आजी, गाणी सोडून दुसरं काहीच नाही," तो म्हणाला. "त्यांच्याकडे पैसेच नव्हते."

माणूस चेहऱ्याने बरा, पण डाव्या बाजूचा एक दात रंगाने साफ चुकलेला. कुणीतरी घाईत उरकलेलं काम.

खरंच पैसे नव्हते हो त्यांच्याकडे. अख्खं प्रेम फर्निचरच्या एका गोदामात. तो तिथला राखणदार, ती सोफ्यांची कव्हरं शिवायला आलेली. नायिकेला एकच पिवळा कोट, तोच सुखात, तोच दुःखात. सोफ्यांवरचं प्लॅस्टिक काढायची परवानगी नसावी, कारण दोघं बसले की कुरकुर वाजायचं आणि ते गाण्यातही ऐकू यायचं. रस्त्यावरच्या गर्दीत तेच पाचसहा लोक एकदा टोपी घालून जात होते, एकदा टोपीशिवाय. वाद्यांचा ताफा कुठला परवडणार? एक गिटार, आणि इतर सिनेमांत जिथे पन्नास व्हायोलिनं वाजतात तिथे नायिका शीळ घालते. बास.

आईला दिसत नाही म्हणून मी कानात सांगत होते.

"आता काय चाललंय?"

"ती कपाटात जाऊन बसली आहे."

"का?"

"गाणं आहे."

पुढचा माणूस वळला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तो म्हणाला, "जरा मोठ्याने सांगा, माझा चष्मा घरी राहिलाय." मग आमच्या शेजारीच येऊन बसला.

नायिकेचा समोरचा एक दात कोपऱ्यात तुटलेला आहे. पडद्यावर दात केवढा दिसतो! मला गाण्यात लक्षच लागेना. आईला म्हटलं, "एका दुपारात भरून दिला असता मी."

आई एकदम म्हणाली, "नको. राहू दे तिचा तिला."

शेवटी दोघांचं भांडण होतं, गोदाम विकलं जातं, दिवे बंद होतात. तो अंधारात कपाटांच्या रांगांमधून तिला शोधत फिरतो. हाका मारतो, ती उत्तर देत नाही. मग कुठूनतरी तिची शीळ येते आणि तो त्या आवाजाच्या मागे मागे चालत जातो. पडद्यावर जवळजवळ काळोखच होता, मला सांगण्यासारखं काही उरलं नाही. आईकडे पाहिलं तर ती रुमालात तोंड घालून बसलेली. तिथे गारवा फार होता, आणि आईचं नाक लगेच गळायला लागतं.

परत सोडताना तिने विचारलं, "ते बरे आहेत ना?"

"जेवत नाहीत नीट."

"जेवणाचं नव्हते विचारत."

सिनेमा म्हणून ठीक. दात भरायला हवा होता.

९ फेब्रुवारी, रविवार

ती चाल डोक्यातून जात नाही. कवळ्या घासतानासुद्धा तीच. अशा फुटकळ सिनेमाने माझ्या डोक्यात घर करावं हे जरा अतीच झालं.

बाबांना अख्खी गोष्ट सांगितली. प्लॅस्टिकच्या कुरकुरीवर हसतील असं वाटलं होतं. शिळेचं सांगितलं, अंधारातला शेवट सांगितला, आईला कसं गारव्याने बेजार केलं तेही सांगितलं. बाबा उठले, गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने तिकडून 'फुस्स, फुस्स' असा आवाज. काचेतून डोकावले तर बाबा गाल फुगवून, तोंड लाल करून, जोर लावून श्वास सोडत होते. परत परत.

दमा! इतके दिवस अंगावर काढलं असणार. म्हणूनच बोलत नाहीत, म्हणूनच जेवत नाहीत. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दमा नाही. डॉक्टर म्हणाले, "या वयात अशी छाती माझीही नाही."

"मग ते फुसफुस करणं?"

बाबा म्हणाले, "सवय." त्यांच्या तोंडून 'स' आता 'श'च्या अंगाने निघतो.

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडे यावर औषध नाही. घरी बसून बोला." डॉक्टरांना काही कळलं नाही की असंच सांगतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मावशीकडे गेले. आईचा कंगवा, चष्म्याची रिकामी डबी, औषधं, सगळं तिथल्या कपाटात मांडून ठेवलेलं. चार दिवसांचं माणूस कंगवा पिशवीत ठेवतं, कपाटात नाही. बाहेर पडले आणि सरळ थिएटरात शिरले. एकटी. तोच सिनेमा, दुसऱ्यांदा. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते.

खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुमची परवाचीच खुर्ची ठेवलीय." थिएटरात मोजून आठ डोकी. रिकाम्या थिएटरात खुर्ची राखून ठेवायचं काय कारण, कोण जाणे.

या वेळी कानात काही सांगायचं नव्हतं, म्हणून पाहता आलं. हसू कमी आलं. कुरकुरणाऱ्या सोफ्यावर ती दोघं किती अवघडून बसतात, आणि तरी उठत नाहीत. मला हेवा वाटला. शेवटच्या अंधारात मीही रुमाल काढला, आणि गारवा तर अजिबात नव्हता, थंड हवेचं यंत्र बंद पडलेलं होतं.

बाहेर पडताना तो माणूस खिडकी बंद करत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सगळं छान आहे, फक्त तो दात."

"अहो, त्या दाताची तर गंमत आहे. मुलाखतीत वाचलं मी. शूटिंगच्या आधी तिने हौसेने तो भरून घेतला. पडद्यावर दिसायचं म्हणजे चांगलं दिसायला नको? आणि पहिल्याच दिवशी शीळ घालायला गेली तर नुसतं फुस्स! हवा जायला जागाच नाही. मग धावत दातवाल्याकडे गेली, भरलेलं काढून टाकलं, तेव्हा कुठे सिनेमा झाला."

"हो का," म्हटलं आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत आले आणि पाय थांबले. मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला, तो काय बोलला तेही आठवत नाही.

फुस्स.

घरी गेलेच नाही. दवाखान्यामागची माझी लॅब उघडली. दात काढण्याआधी प्रत्येकाचा जुन्या दातांचा ठसा घेऊन प्लास्टरचा नमुना करतो आम्ही. बाबांचा वरच्या फळीवर होता, धूळ खात. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. समोरच्या दोन दातांमधून उजेडाची एक उभी रेघ आली. ओठांजवळ नेऊन फुंकर मारली. आवाज वगैरे काही आला नाही, पण हवा पलीकडे गेली आणि हाताला लागली.

मी किती हुशारीने ती फट बुजवली होती. भिंग लावून. आणि घर शांत झालं म्हणून मला बरं वाटलं होतं! माझ्या डोक्यात काय प्लास्टर भरलंय का? स्टुलावर बसून रडले. उघड्या दारातून दिसणारे पुढच्या खोलीतल्या फोटोतले बाबा भिंतीवरून माझे सरळ दात दाखवत होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा ठेवला, नमुना बाबांसमोर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, तुम्हाला शीळ घालता येत नाही ना?"

ते त्या प्लास्टरच्या दातांकडे, जुना मित्र भेटावा तसे बघत राहिले. "नाही येत."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इतकी खूश होतीस. बाईंनी फोटो लावला. मी तिकडे गेलो की सगळ्यांना दाखवायचीस, माझे बाबा, माझे बाबा. मी मोडता कसा घालू? तुझ्या आईलाही म्हटलं, पोरीला बोलू नकोस."

म्हणजे दोघांनी मिळून मला सांभाळलं होतं. दात मी बसवले आणि तोंड त्यांनी बंद ठेवलं.

मग त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली, पण काल-आजपर्यंत नीट कळली नव्हती. आई तरुणपणी एका कचेरीत टायपिस्ट होती. एका संध्याकाळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत काळोख, आत ती एकटी. आरडाओरडा करून घसा बसला. बाबा वरून शिडीने उतरत होते. हाक मारली तर विहिरीत आवाज घुमतो, कुठून येतो कळत नाही, माणूस जास्तच घाबरतं. म्हणून ते शीळ घालत उतरले. "तिला कळत होतं मी किती जवळ आलोय ते. खाली पोचेपर्यंत ती आतून गुणगुणायला लागली होती. तीच चाल."

मला ही गोष्ट नेहमी विनोदी वाटायची.

"तिची नजर गेली ना," बाबा म्हणाले, "तेव्हा मी मनात म्हटलं, काही बिघडत नाही. मी शीळ घालत राहीन, तिला कळत राहील मी कुठे आहे. आणि नेमके दातच गेले. 'इथे' म्हणतो मी. पण 'इथे' म्हटलं की संपतं गं. शीळ चालू राहते."

"मग गुणगुणायचं की!"

"माझा आवाज ऐकलायस ना? घाबरून पळून गेली असती."

आम्ही दोघं हसलो आणि मग मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा रडले. या आठवड्यात माझं रडणं फार वाढलंय. पण आज रडताना हलकं वाटलं. रागावण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि ते रागावले नाहीत, असे आईबाप मला फुकटात मिळालेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुद्दाम फट? अगं, लोक फट बुजवायला येतात माझ्याकडे!" सगळं सांगितल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "कर. बाकीची सगळी कामं बाजूला ठेव."

नवी कवळी आधी मेणात मांडून तोंडात बसवून बघतात, जमली तरच पक्की करायची. मी जुन्या नमुन्यावरून मोजून फट ठेवली. बाबा खुर्चीत बसले, गाल फुगवले. फुस्स. पुन्हा. फुस्स. तिसऱ्या फुंकरीला मेणातला एक दात सुटला आणि बाईंच्या कपात पडला.

फट असून उपयोग नाही. का?

२० फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं असं वाटतं. शीळ नुसत्या फटीतून येत नाही. जीभ मागून टेकते ती जागा लागते, आणि ती जागा होती त्या तिरक्या दाताची. मी फट परत दिली, पण शेजारचा दात सरळच ठेवला, सुंदर दिसतो म्हणून. खोड जात नाही. आता सगळी गर्दी जशी होती तशी परत आणायची, एकालाही शिस्त लावायची नाही. वाकडे दात बसवणं सरळ बसवण्यापेक्षा फार अवघड असतं हे आज कळलं. मागचा भागही घासून पातळ करायला हवा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मावशीचा फोन. आई पुढच्या रविवारी येणार आहे. राहायला नाही. गरम कपडे आणि रेडिओ न्यायला.

रेडिओ. कपडे परत आणता येतात, पण आईने रेडिओ हलवला म्हणजे मुक्काम हलला. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला तिथे बरं वाटत असेल तर राहू दे." मग उठून गॅलरीत गेले आणि जुन्याच कवळीवर फुसफुस करत बसले. मला तो आवाज ऐकवेना. आईला फोन करून सगळं सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार? शीळ येईल म्हणून? आणि नाही आली तर? बाबा म्हणाले, "वाजली तर तिला ऐकू येईल. नाही वाजली तर बोलून काय फायदा?"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पक्की कवळी बसवली. दिसायला भयंकर. अगदी बाबांसारखी.

पहिल्यांदा फुस्स. दुसऱ्यांदा किटलीतलं पाणी उकळायच्या बेतात असावं तसा आवाज. मी मागून आणखी थोडी घासली, पॉलिश केलं, पुन्हा बसवली. बाबांनी डोळे मिटले. एक सूर आला, बारीक, थरथरता. मग दुसरा. मग लिफ्टच्या गोष्टीतल्या त्या चालीची अर्धी ओळ, आणि तिथे धाप लागली. बाबा रडायला लागले, मी रडायला लागले, बाईही. पुढच्या खोलीत तोंडात कापूस घालून बसलेला एक पेशंट ओरडून काहीतरी विचारत होता, पण तो काय म्हणतोय ते कुणालाच समजेना.

अर्धीच ओळ. परवा आई येणार. बाबा घरी जाताना भर रस्त्यात सराव करत होते, लोक वळून बघत होते. मी त्यांचा हात धरून चालले.

२ मार्च, रविवार

आईला आणायला मीच गेले. वाटेत तिने बाबांबद्दल काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. बाबांनी शपथ घातली होती. आमच्या इमारतीच्या दाराशी ती थांबली. नजर गेल्यापासून ती लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, आणि जिना चढायचा म्हणजे कुणाच्या तरी हाताला लोंबकळत. पूर्वी धडाधड चढणारी बाई ती. त्याचीच तिला लाज वाटते.

"तू वर जाऊन घेऊन ये," ती म्हणाली. "कपडे खालच्या खणात आहेत. मी इथेच थांबते."

"आई, चल ना वर."

"कशाला? त्यांना उगाच त्रास. मी येणार, मी विचारणार कुठे आहात, ते म्हणणार इथे. नको ते."

 वर बाबा आहेत की नाहीत, तयार आहेत की नाहीत, ते कळेना. मी तिचा हात घट्ट धरून उभी राहिले.

आणि वरून आली. आधी नुसती हवा, फुस्स. मग एक सूर. मग ती चाल, जिन्याच्या विहिरीतून गोल फिरत खाली आली, अर्ध्या ओळीपाशी पोचली, थांबली, बाबांनी श्वास घेतलेला मला खालपर्यंत ऐकू आला, आणि ओळ पूर्ण झाली.

आईने मान वर केली. चेहरा असा झाला की मी तो कधी पाहिलाच नव्हता; बहुतेक माझ्या जन्माच्या आधीचा होता. शीळ पुन्हा सुरू झाली. एके ठिकाणी बेसूर झाली तेव्हा ती खुदकन हसली.

पहिल्या पायरीवर मी तिचा दंड धरला.

"हात सोड," आई म्हणाली. "माहितीय मला ते कुठे आहेत."

तिने कठड्यावर हात ठेवला आणि चढायला लागली. मी मागे पिशवी घेऊन. प्रत्येक वळणावर ती जरा थांबायची, मान कलती करून ऐकायची, पुढे निघायची. बाबा एकदाही खाली आले नाहीत, वरच्या कठड्याशी उभे राहून शीळ घालत राहिले. शेवटच्या वळणावर आई गुणगुणायला लागली.

मी तिथेच पायरीवर बसले. पुढचं मी पाहिलं नाही. ते माझं नव्हतं. थोड्या वेळाने वरून आईचा आवाज आला, "अगं, उशी मावशीकडे राहिली. उद्या घेऊन ये."

४ मार्च, मंगळवार

संध्याकाळी थिएटरवर गेले. म्हटलं, तिसऱ्यांदा पाहावा, आणि या वेळी नुसते आभार मानायला. पडद्यावरच्या माणसांचे आभार मानायचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. पण सिनेमा उतरलेला होता. माणसंच येत नव्हती. खिडकीवरच्या माणसाने गुंडाळून ठेवलेलं पोस्टर दिलं. "तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं." मग म्हणाला की त्याला तो डावीकडचा दात दाखवायचाय, कधी येऊ? दुखतो का विचारलं तर म्हणाला नाही. वर्षानुवर्षं तसाच आहे म्हणे. मग आत्ताच का, कोण जाणे. शनिवारी बोलावलंय.

पोस्टर दवाखान्याच्या पुढच्या खोलीत लावलं, बाबांचा जुना फोटो होता तिथे. पिवळा कोट, आणि तोंड भरून हसणारी ती, तुटक्या दातासकट. त्या पोरीला कधीच कळणार नाही. कुठल्यातरी गोदामात, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या सोफ्यावर बसून तिने शीळ घातली, आणि इकडे माझी आई जिना चढून घरी आली. बाई गं, तुझा दात असाच राहो.

आता मी नव्या माणसाचं काम घेतलं की आधी बोलावून विचारते, या तोंडाने तुम्ही जेवणाशिवाय आणखी काय काय करता? लोक गोंधळतात. काल एक आजोबा लाजले.

उशी आणली. बाबा पहाटेपासून सुरू आहेत, न्हाणीघरात, गॅलरीत, पेपर वाचताना. आई घरभर त्या आवाजामागे एकटी फिरते, कशालाही न अडखळता, आणि बेसूर झालं की ओरडते. आत्ता लिहितानाही दोघांचं तेच चाललंय. माझं डोकं उठलंय. असंच उठत राहो.